दोन बोटं खाली बसलेली खिडकी

अण्णा,

मागच्या पंधरवड्यात तुमच्या घराच्या भिंतीला मी आठ भोकं पाडून घेतली. तुम्ही असता तर ड्रिल मशीनचा आवाज ऐकून बनियनवरच गल्लीत उतरला असता आणि विचारलं असतं, "कुणाला विचारून?" तर आईला विचारून. आईचे गुडघे आता पार गेले, म्हणून मी तिच्याकडंच असते. गच्ची चढणं बंद झालं तशी वरची तिची झाडं एकेक करून वाळली, आणि मग ती सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून नुसती बसायला लागली. दारासमोर कुंड्या ठेवून पाहिल्या, त्या गल्लीतल्या गाईंनी दोन दिवसांत फस्त केल्या. अंगणाला तुम्ही जागाच ठेवली नाहीत, भिंत संपली की रस्ता. शेवटी सुचलं, झाडं खिडकीलाच टांगावीत. खिडकीच्या बाहेरून, कट्ट्याच्या खाली पत्र्याची लांबट पेटी लावायची, तिच्यात माती भरायची, आणि आईनं आत बसल्या बसल्या हात बाहेर काढून पाणी घालायचं. तुमच्या ग्रीलच्या गजांतून तिचा हात आरामात जातो. मांजर आत येईल एवढ्या फटी ठेवल्यात म्हणून ती तेव्हा तुमच्यावर किती ओरडली होती! पेट्या दोन करायच्या ठरल्या, एक स्वयंपाकघराच्या खिडकीला आणि एक शेजारच्या खोलीच्या, म्हणजे रस्त्यावरून फुलांची सलग एक ओळ दिसेल. आईला चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, "फुलं काय भाजीत घालतीस व्हय? एकीत कोथिंबीर लाव." तेवढ्यावर तह झाला.

आता मूळ गोष्टीकडं येते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि त्याच्याही आधीपासून माझं तुमच्याशी एक भांडण आहे. ते तुम्हाला माहीत होतं का, हेही मला माहीत नाही, कारण मी कधी भांडलेच नाही, नुसती रुसले. पाचोडचं शेत भावांकडं ठेवून तुम्ही या गावात ग्रीलचं दुकान टाकलंत, आणि कॉलेज सुटलं की मी तिथं येऊन बसायची. आधी नुसती बसायची, मग गज मोजून द्यायला लागले, मग खडूनं खुणा करायला, मग गुनिया लावून काटकोन बघायला. एके दिवशी तुम्ही काही न बोलता वेल्डिंगचा काळा चष्मा माझ्या हातात दिलात आणि मी पहिला टाका मारला. लई वाकडा होता. तुम्ही तो ठोकून तोडलात आणि म्हणालात, "परत." त्या एका "परत"वर मी महिनाभर हवेत होते. मला ते दुकान पाहिजे होतं, अण्णा. खरंच पाहिजे होतं. तसं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण पाटीवर तुमच्या नावापुढं "आणि कन्या" कसं दिसेल हे वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं होतं. आणि मग एक दिवस जेवताना, ताटातून मान वर न करता, तुम्ही म्हणालात, "उद्यापासून दुकानात यायचं नाही. हे तुझं काम नाही. अभ्यास कर." मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "सांगितलं ना." एकोणीस वर्षांची होते मी. त्यानंतर तुमच्या दुकानाची पायरी चढले नाही. लग्नात तुम्ही मला काय दिलंत, तर तोच गुनिया, स्वच्छ पुसून, तेल लावून. लग्नात लेकीला गुनिया कोण देतं? मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताहेत. मी तो माळ्यावरच ठेवून सासरी गेले.

तर त्या दिवशी पेट्या लावायला माणूस आला. सिडकोतला फॅब्रिकेशनवाला आहे, बोलतो आपल्या इकडची हिंदी. त्याच्याकडं आता लेव्हल काढायची पाण्याची नळी-बिळी काही नसतं, तिपाईवर एक डबी ठेवतो आणि तिच्यातून भिंतीवर हिरवी रेघ पडते, एकदम सरळ. उन्हात ती दिसत नाही म्हणून सकाळी भिंत सावलीत असतानाच येतो म्हणाला होता. त्यानं खोलीच्या खिडकीच्या खालच्या कडेला रेघ लावली आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं. मग डबी हलवली, परत लावली. मग माझ्याकडं बघितलं. "मॅडम, ये दोनो खिडक्या एक लेवल में नै है. ये किचनवाली दो उंगली नीचे बैठी है." मी म्हणाले, तुझी डबी बिघडली असेल. तुमच्या हातचं काम आणि दोन बोटं चुकलेलं? ज्या माणसानं शेजाऱ्याच्या लग्नात मांडवाचा खांब तिरका दिसला म्हणून जेवण अर्धं सोडून तो सरळ केला, त्याच्या स्वतःच्या घराची खिडकी? त्यानं बिचाऱ्यानं टेप लावून दाखवला. खरंच दोन बोटं. तेहतीस वर्षं आम्ही या भिंतीसमोरून येतो-जातो, मधे मीटरची पेटी आणि पावसाच्या पाण्याचा पाइप आहे म्हणून म्हणा की बघायचं कुणाला सुचलं नाही म्हणून म्हणा, कुणाला म्हणून कळलं नाही.

आणि मग त्यानं वर बोट दाखवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डोक्यावर सिमेंटची ती पट्टी आहे ना, तीन-तीन पाकळ्यांची नक्षी काढलेली? आम्ही सगळे समजत होतो, आईची खिडकी म्हणून तुम्ही लाडानं काढलीत. मी तर मैत्रिणींना कौतुकानं दाखवायची. तो म्हणाला, "ये डिझाइन नै है. चौकट नीचे बैठ गई तो उपर गॅप रहा. वो गॅप छुपाया है. लेकिन बहुत अच्छा छुपाया, हौ." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, एका कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तसं तो बघत होता.  मी शिकवायच्या सवयीनं विचारलं, पूर्वी लेव्हल कशी काढायचे? मला ठाऊक असून विचारलं. तो म्हणाला, "पानी का पाइप रहता था. एक आदमी इधर, एक आदमी उधर. उधरवाले ने गडबड किया होएंगा." मग खांद्यावरची ड्रिल खाली ठेवून सहज म्हणाला, "उधर कौन था?"

उधर मी होते, अण्णा.

मे महिन्याची सुट्टी आहे, घराचं बांधकाम चाललंय. तुमच्या हाताखालचा माणूस लग्नाला गावी गेलाय, गवंडी येऊन बसलाय, आणि तुम्ही मला हाक मारता. पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, बस्स एवढंच तिचं शास्त्र. मी माझं टोक घेऊन निघते आणि दोन पावलांत निम्मं पाणी माझ्या पायावर. तुम्ही गवंड्यादेखत ओरडता, "डोळे मिटून चालतीस का? पाणी सांडलं की माप गेलं! तोंडावर अंगठा दाब, घट्ट!" नळी परत भरता. या वेळी मी अंगठा असा दाबते की नख पांढरं होतं. खोलीच्या खिडकीची खूण आधीच केलेली आहे, तिच्यापाशी जाऊन मी नळी धरते, पाणी खुणेवर आणते आणि ओरडते, "आलं!" तुम्ही तिकडं स्वयंपाकघराच्या बाजूला पेन्सिलनं रेघ मारता. झालं. पाच मिनिटांचं काम. अंगठा काढल्याचं मला आठवत नाही. खूप प्रयत्न करून बघितला, काढल्याचं आठवतच नाही, उलट घरी येऊन अंगठ्याला पडलेला नळीच्या तोंडाचा गोल वण आईला दाखवल्याचं आठवतं. तोंड दाबलं की पाणी येत नाही खाली, म्हणजे तुमच्या टोकाला ते पुरतं चढलंच नाही आणि तुमची रेघ खाली पडली. हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात करून दाखवते! दोन मुलं उभी करते, एकाला अंगठा ठेवायला लावते आणि विचारते, सांगा, पाणी का हलत नाही? वीस वर्षं विचारतेय. स्वतःला एकदाही विचारलं नाही.

मग मला पुढचे प्रश्न पडायला लागले आणि ते थांबेनात. तुम्हाला कळलं होतं का? कधी कळलं? मापं घेताना खूण धरणाऱ्याला "सोड", म्हणजे अंगठा काढ, म्हणायचं काम दुसऱ्या टोकाच्या माणसाचं, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या दिवशी तुम्ही "सोड" म्हणाला होतात का? की गवंड्याशी बोलता बोलता विसरलात? आणि सगळ्यात टोचणारा प्रश्न हा की तुम्ही मला दुकानातून काढलंत ते या खिडकीच्या नंतर आठ-दहा दिवसांनीच. म्हणजे मी मुलगी म्हणून नव्हे, तर नळी धरता येत नाही म्हणून काढलंत का? गंमत बघा, हे मनात आलं आणि मला बरं वाटलं. मुलगी असण्याला माझा इलाज नव्हता. चुकीला होता, ती दुरुस्त करता आली असती. तेवढं एकदा "परत" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? फॅब्रिकेशनवाल्याला मी चहा दिला, थांब म्हणाले, आणि आत गेले.

आई मेथी निवडत होती. मी म्हणाले, "आई, ही खिडकी खाली बसलीय, तुला माहीत होतं?" तिनं मान वर केली नाही. "व्हय. दोन बोटं." इतक्या सहज, जसं काही मी आजचा वार विचारला! मी खुर्चीच ओढून तिच्यासमोर बसले. ती म्हणाली, "चौकट बसवली त्या दिवशी हे समोरच्या ओट्यावर जाऊन बघत बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हनले, खिडकी खाली बसली गं. गवंडी म्हनला, काढू अन् परत बसवू. तर हे म्हनले, राहू दे, निशाणी माझीच चुकली. मग काय, तो गवंडी घर होईपर्यंत यांना चिडवायचा, मालक, आज निशाणी मी करू का म्हनून. यांनी ऐकून घेतलं." मी म्हणाले, "पण नळी तर मी धरली होती." "ते त्यांनला ठाव नव्हतं व्हय? मला म्हनले, पोरीला बोलू नको. बोललीस तर ती पुन्हा नळीला हात लावायची नाय."

अण्णा, माझा सगळा हिशेबच चुकला. मी पुन्हा नळीला हात लावावा असं तुम्हाला वाटत होतं. मग आठ दिवसांनी "हे तुझं काम नाही" म्हणणारा कोण होता? तेच आईला विचारलं. तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "ते मी म्हनायला लावलं." पाचोडहून आत्या आली होती म्हणे. तिनं माझ्या हातावरचे ठिणग्यांचे डाग बघितले आणि आईला म्हणाली, पोरीचे हात बघितले का वहिनी, स्थळं आल्यावर काय हातमोजे घालून बसवणार आहात तिला? आईनं तुम्हाला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. "ते ऐकतच नव्हते. चार दिवस भरलेला डबा तसाच परत आनला. माझ्याशी बोलले नाय. मग बोलले एकदाचे तुला, अन् मीच सांगितलं तसंच बोलले, एक शब्द कमी नाय की जास्त नाय." मी ओरडलेच. म्हणाले, अगं मग मला सांगायचंस ना! तेहतीस वर्षं मी त्या माणसावर राग धरला! तर आई काय म्हणाली असेल? "तू मला विचारलंस का कधी? तू परस्पर त्यांच्यावर रुसली. मी म्हनलं बरं झालं. बाप काय, सकाळी उठून दुकानात जातो. माझ्यावर रुसली असतीस तर दिवसभर घरात तुझं फुगलेलं तोंड कोन बघनार? आता काय फाशी देतीस मला?" आणि परत मेथी घेतली.

राग आला. लई राग आला. ऐंशीला टेकलेल्या बाईवर यावा त्याहून जास्त आला. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले, आणि तिनं ते ओळखून मला मुद्दाम तीन-तीनदा चहा मागितला. पण रागाच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला जास्त नवीन होतं. माळ्यावर चढून मी तो गुनिया शोधला. पत्र्याच्या डब्यात, जुन्या पडद्यात गुंडाळलेला, तुम्ही लावलेल्या तेलाचा काळा थर बसलेला. तो हातात घेऊन मी तिथंच शिडीवर बसले आणि रडले, अण्णा. तुम्ही शपथ मोडली नाहीत आणि तरी तो मला दिलात. आणि मी काय समजले? एवढं शिकलेली, रोज चाळीस पोरांना "आधी नीट निरीक्षण करा" सांगणारी मी. मला अजूनही खूप विचारायचंय. चार दिवस तो डबा तुम्ही दुकानात उघडलात तरी का, की खुंटीलाच ठेवलात? नक्षी काढताना गवंड्याला तीन पाकळ्या तुम्हीच सांगितल्यात का? रोज संध्याकाळी घरी येताना समोरून ती खिडकी दिसायचीच, तेव्हा चिडचिड व्हायची, की हसू यायचं?

पेट्यांचं सांगायचं राहिलं. फॅब्रिकेशनवाल्याचं म्हणणं, स्वयंपाकघराची पेटी दोन बोटं वर घेऊ, खिडकीचा कट्टा पेटीमागं जाईल, दोन्ही पेट्या एका रेघेत, "किसीको मालूम नै पडता." पेटी वर आली असती तर आईचा हातही आणखी सहज पोचला असता, हे त्याचं बरोबर होतं. मी बराच वेळ रस्त्यावर उभी राहून बघत होते. मग सांगितलं, प्रत्येक पेटी आपापल्या खिडकीखाली, जशी आहे तशी. तुम्ही एवढी वर्षं झाकलंत, उघडं ठेवल्यावर काय होतं ते मला बघायचं होतं. ढाळ मात्र तुमच्या पद्धतीनं दिलाय, बाहेरच्या बाजूला आणि पाइपाकडं, म्हणजे आईनं तांदूळ धुतलेलं पाणी ओतलं की जास्तीचं कोपऱ्यातून निघून जातं, भिंतीला लागत नाही. नळाला पाणी अजून तसंच येतं, आठवड्यानं कधी तरी, म्हणून झाडांना तांदळाचं आणि डाळीचंच. एका पेटीत सदाफुली आणि शेवंती आहे, दुसरीत कोथिंबीर उगवायला लागलीय. पहिल्याच दिवशी समोरच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "अगं, तुझ्या मिस्त्रीनं घोळ घातला, एक खाली आलीय!" मी म्हणाले, "त्यानं नाही काकू, मी घातलाय." त्यांना काही कळलं नाही, पण मला ते मोठ्यानं बोलून बरं वाटलं. शाळेतही सांगितलं. नववीच्या पोरांना तर फळ्यावर घराची आकृतीच काढून दिली.

माझ्या लेकीला, तुमच्या नातीला, तुम्ही पाहिलंत ते दोन वर्षांची असताना. ती आता शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, इथूनच बसनं जाते-येते. तिला तुम्ही आठवणं शक्य नाही, तिच्याकडं तुमची एकच गोष्ट आहे, मी सांगितलेली. तिच्या आईला, म्हणजे मला, आजोबांनी मुलगी म्हणून दुकानात बसू दिलं नाही, ही. लहानपणी झोपताना सांगितली, दहावीत तिनं मशीनचं काहीतरी शिकायचं म्हटलं तेव्हा तर तिखटमीठ लावून सांगितली. ती तिच्या मैत्रिणींना सांगते, कॉलेजच्या मुलाखतीत सांगितली होती म्हणे. ती तुमच्यावर रागावूनच शिकली म्हटलं तरी चालेल.

रविवारी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. ती खिडकीशी जाऊन पेटीला टकटक करून आली आणि म्हणाली, "किती घाणेरडं वेल्डिंग केलंय गं त्यानं. आजोबांनी तुला तेव्हा अडवलं नसतं ना, तर हे तूच केलं असतंस, याच्या दसपट चांगलं." आईचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं. ती सहसा असं बघत नाही, अण्णा. फाशी देतीस का म्हणणारी बाई, पण नातीसमोर तिचा चेहरा एवढुसा झाला. ही नात तिच्या पायाला रोज तेल लावते.

सांगायचं ठरवलं होतं मी. आठवडाभर वाक्यं जुळवत होते. मी आईच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाले, "हो ना."

पुन्हा तुमच्यावरच ढकललं. आई आहे तोवर हा दोष असाच तुमच्या नावावर राहू द्याल का, हे विचारायलाच खरं तर हे पत्र लिहायला बसले होते. चार पानं झाली तरी विचारायचा धीर होत नव्हता. आता होतोय, तो हे पत्र कुठल्याच पेटीत, टपालाच्याही, टाकायचं नाही म्हणून.